शाळेच्या वाटेवर सायकली परत आणताना

यवतमाळ जिल्ह्यातील ज्या माध्यमिक शाळेत मी विज्ञान आणि गणित शिकवते, तेथे आठवी ते दहावीचे विद्यार्थी आजूबाजूच्या सहा-सात गावांतून येतात. सर्वांत जवळचे गाव दीड किलोमीटरवर आहे आणि सर्वांत लांबचे पाच किलोमीटरच्या थोडे आत. गावातील जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीला, कुठे सातवीला संपते आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना, त्यातल्या पुष्कळांना पहिल्यांदाच, गावाची शीव ओलांडून रोज जावे-यावे लागते. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अशी अंतराची मर्यादा आहे. नववी-दहावीच्या मुलांना या कायद्याचा तसा आधार नाही. त्यामुळे आमच्या भागात पुढचे शिक्षण चालू राहते की नाही, हे पुष्कळदा मुलाच्या बुद्धीपेक्षा रस्त्यावर ठरते, आणि मुलीच्या बाबतीत तर जवळजवळ नेहमीच.

मी रुजू झाले त्या काळात शाळेच्या कुंपणाला टेकून सायकलींची रांग उभी असे. पुढे ती विरळ होत गेली. गावोगावी ऑटो आले, घरोघरी एक तरी दुचाकी आली आणि सायकलने जाणे ही घरात काही नसल्याची खूण ठरू लागली. नववी-दहावीची मुले वडिलांची गाडी घेऊन, एकेका गाडीवर तिघे-तिघे बसून येऊ लागली. मुली ऑटोत एकमेकींच्या मांडीवर बसून. यात खरा घात होई तो कापूस वेचणीच्या दिवसांत. ऑक्टोबरच्या अखेरीपासून ऑटोवाल्याला शाळेच्या मुलांपेक्षा वेचणीच्या बाया वावरात पोचवण्याचे पैसे जास्त मिळतात. त्याचेही पोट त्यावरच असल्यामुळे त्याला दोष देता येत नाही. पण तो शाळेच्या वेळेला आला नाही की मुली घरी राहत आणि घरी राहिलेली मुलगी आईबरोबर वेचणीला जाई. दिवाळीनंतर हजेरीपटावर एकाच गावातील मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा ओळीने दिसू लागल्या, तेव्हा मी हा विषय मुख्याध्यापकांकडे नेला. त्याच सुमारास दहावीतील एक मुलगा गाडीवरून पडून त्याचा पाय मोडला होता आणि मागे बसलेले दोघे थोडक्यात बचावले होते, म्हणून विषय लगेच ऐकला गेला.

शिक्षकांच्या बैठकीत पहिली सूचना आली ती प्रार्थनेनंतर व्यायामाचे महत्त्व सांगण्याची. ते महत्त्व खोटे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 5 ते 17 या वयोगटासाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते जोरदार हालचाल आवश्यक मानली आहे आणि 2016 च्या आकडेवारीनुसार जगातील 11 ते 17 वर्षांची 81 टक्के मुले तेवढी हालचाल करत नाहीत. तीन किलोमीटरची वाट चालायला साधारण चाळीस मिनिटे लागतात, म्हणजे जाऊन-येऊन ही गरज रस्त्यातच भागते. परंतु ज्या मुलाने सकाळी गोठ्यातील शेण काढले आहे आणि रविवारी फवारणीचे पाणी वाहिले आहे, त्याला व्यायामाचे धडे देण्यात मला औचित्य वाटेना. चौदाव्या वर्षी कोणीही म्हातारपणीच्या आजाराचा विचार करून सायकलवर बसत नाही. ही मुले आळसाने सायकल सोडत नाहीत, त्यांना कशामुळे तरी ती सोडावी लागते, असे माझे मत होते आणि ते कारण शोधल्याशिवाय काहीही सांगायला जाऊ नये, एवढे मी बैठकीत मान्य करून घेतले.

त्यासाठी आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला एक कोरा कागद दिला आणि घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढायला सांगितला. वाटेत जिथे भीती वाटते, जिथे सायकलवरून उतरावे लागते आणि जिथे थांबायला आवडते, तिथे वेगवेगळ्या खुणा करायच्या होत्या. नाव लिहिण्याची सक्ती नव्हती. भूगोलाच्या तासाला केलेल्या त्या नकाशांतून जे कळले, ते वर्षानुवर्षे पालकसभा घेऊन आम्हाला कळले नव्हते. मुलांच्या नकाशांत चिंचेचे झाड, विहीर, क्रिकेटचे मैदान आणि टिप्परच्या वळणाची जागा होती. मुलींच्या नकाशांत चिंचेचे झाड क्वचितच होते. त्याऐवजी फाट्यावरच्या पानटपरीला गोल होता, एका शेतातील मोकाट कुत्र्यांना गोल होता आणि नाल्यावरच्या रपट्यापाशी, म्हणजे बुटक्या पुलापाशी, बहुतेकींनी फुली मारली होती. आठवीतील एका मुलीने टपरीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन रेघा ओढून मधल्या भागावर बारीक अक्षरात लिहिले होते, ‘इथे खाली पाहून चालते.’ तो कागद मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला आणि पुढच्या कामासाठी मला वेगळी बाजू मांडावी लागली नाही.

नकाशांबरोबर एक साधी विचारणाही केली होती, ती म्हणजे घरी सायकल आहे का आणि असल्यास ती का चालवत नाही. आमचा तालुका राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात येतो. या कार्यक्रमातून शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. ते आता 5,000 रुपये आहे. म्हणजे मुलींच्या घरी सायकली होत्याच. त्या माळवदावर, गोठ्यात, तुराट्यांच्या ढिगामागे पडून होत्या. कारणे ऐकताना मन विषण्ण झाले, कारण ती फार लहान होती. ट्यूब फुटली होती, वालट्यूब गेली होती, चेन सैल होऊन सारखी पडत होती, ब्रेकचे रबर झिजले होते. एका मुलीच्या आईने सांगितले, “ट्यूब बसवून कोन देईन मॅडम? हिचा बाप वावरातून येते तवा दुकान बंद झालं रायते.” गावात पंक्चरचे दुकान नाही, दुकान शाळेच्या गावात आहे, आणि दुकानापर्यंत सायकल न्यायची तर ती ढकलत चार किलोमीटर न्यावी लागते. तीस रुपयांच्या दुरुस्तीसाठी एक मजुरी बुडवणे कोणत्याही शेतमजुराला परवडत नाही. म्हणून सायकल पडून राहते आणि घर महिन्याला पाचशेच्या आसपास ऑटोभाडे भरत राहते.

त्यामुळे पहिले काम दुरुस्तीचे ठरले. बाजाराच्या गावातील एका वयस्क सायकल मिस्त्रींना आम्ही दर शनिवारी सकाळच्या शाळेनंतर येण्याची विनंती केली. त्यांनी दुकान जवळपास बंदच केले होते, कारण गिऱ्हाईक उरले नव्हते. पालकांनी आणि काही शिक्षकांनी मिळून सुट्या भागांचे पैसे उभे केले, हातपंप शाळेने घेतला आणि ज्या सायकली चालतच नव्हत्या त्या गावातून बैलगाडीत घालून आणल्या. मिस्त्रींनी पहिल्याच सायकलचे मागचे चाक हाताने फिरवून पाहिले, ते थांबले तसे म्हणाले, “इले काई झालं नाही, पडून पडून आखडली फक्त.” त्यांनी चाक सोडले, ॲक्सलमधले छर्रे रॉकेलमध्ये धुतले, कागदावर मांडून त्यांतले चपटे झालेले वेगळे काढले, कपात ग्रीस भरले आणि बोटाच्या टोकाने एकेक छर्रा त्यात बसवला. नववीची मुले भोवती दाटीवाटीने उभी होती. वर्गात ज्यांना घर्षणावरच्या दोन ओळी लिहिणे जड जाते, ती मुले त्या दिवशी ग्रीस कशाला, छर्रे गोलच का, चपटा छर्रा चालला तर काय होईल, असे प्रश्न विचारत होती.

मी तो धागा सोडला नाही. पुढच्या आठवड्यात गणिताच्या तासाला आम्ही सायकल वर्गात आणली आणि दाते मोजले. पुढच्या चक्राला 44 आणि मागच्या फ्रीव्हीलला 18 दाते होते, म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचे चाक जवळजवळ अडीच फेऱ्या घेते. 26 इंची चाकाचा परीघ दोन मीटरहून थोडा अधिक भरतो, म्हणून पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे पाच मीटर पुढे जाते आणि एका किलोमीटरला साधारण दोनशे फेऱ्या लागतात. मुलांनी आपापल्या गावाच्या अंतराचे गणित केले, मग घरी जाताना फेऱ्या मोजून पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी आकडे जुळले नाहीत म्हणून उतारावरच्या न मारलेल्या पायडलवर वाद घातला. सायकल या वस्तूकडे त्यांनी पुन्हा पाहिले ते माझ्या मते इथून. आता आठवी-नववीतील बहुतेक मुलामुलींना पंक्चर काढता येते. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडा शोधणे, जागा घासणे, सोल्युशन लावून ते थोडे सुकेपर्यंत थांबणे, एवढेच ते काम आहे. त्यातले थांबणे सर्वांत अवघड जाते, आणि घाईने लावलेले ठिगळ गावी पोचण्याआधी सुटते, हे प्रत्येकाला एकदा तरी अनुभवाने कळले आहे.

दुरुस्त सायकल आणि सुरक्षित वाट या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या दोन गावांना शाळेकडे येण्यासाठी दोन रस्ते आहेत. एक डांबरी, ज्यावरून रेतीचे टिप्पर धावतात आणि ज्याची साइडपट्टी जागोजागी खचलेली आहे, आणि दुसरा शेतांमधून येणारा पांदण रस्ता, जो जवळचा आहे पण दोन्ही बाजूंच्या बाभळींमुळे काट्यांनी भरलेला असे. बाभळीचा वाळलेला काटा सायकलच्या टायरमधून सहज आरपार जातो. शाळेत 20 डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला ग्रामसफाई होतेच. अमरावती जिल्हा आमच्या शेजारचा, त्यामुळे गाडगेबाबांचा खराटा आमच्याकडे केवळ फोटोतला नाही, जुन्या माणसांच्या आठवणीतला आहे. त्या वर्षी आम्ही शाळेच्या आवाराऐवजी पांदण झाडली. ज्यांच्या शेताला ती लागून आहे त्या शेतकऱ्यांनी फांद्या छाटून दिल्या, मुलांनी काटे ओढून बाजूला ढीग लावले, आणि दोन शेतकऱ्यांनी धुऱ्यावर घातलेले काटेरी कुंपण हातभर आत घेतले. काट्यांचे ढीग मुलांच्या हाताने पेटवू दिले नाहीत. ते काम मोठ्यांनी केले.

ही सफाई एकदा करून भागत नाही. पावसाळ्यानंतर बाभूळ पुन्हा पसरते, म्हणून आता पोळ्यानंतर एकदा आणि डिसेंबरात एकदा असे दोन वेळचे काम ठरले आहे. पावसाळ्यातील चार महिने पांदण वापरता येत नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. आमची काळी माती भिजली की फुगते आणि चाक व मडगार्ड यांच्या फटीत अशी भरते की चाक जागीच बसते. पऱ्हाटीच्या काडीने ती उकरत उकरत मुले कशीबशी डांबरीवर येतात. काही मुलांनी मिस्त्रींकडून पुढचे मडगार्डच काढून घेतले, पण मग चिखल थेट शर्टवर उडतो. जुलै-ऑगस्टमध्ये या दोन गावांतील मुले डांबरीनेच येतात आणि म्हणून त्या रस्त्याचे काम टाळून चालणार नव्हते.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत शाळेच्या वतीने आम्ही तीन मागण्या मांडल्या: फाट्यावर दिवा, शाळेसमोर गतिरोधक आणि साइडपट्टीचा मुरूम. दिवा ग्रामपंचायतीच्या अखत्यारीतला असल्यामुळे तो लवकर लागला. गतिरोधकासाठी रस्ता ज्यांच्याकडे आहे त्या कार्यालयाकडे अर्ज, स्मरणपत्र आणि पुन्हा स्मरणपत्र असा प्रवास झाला; शेवटी गतिरोधक आला, मुरूम अजून यायचा आहे. अर्जासोबत मुलांचे नकाशे जोडले होते. माझ्या अनुभवाप्रमाणे नुसत्या मजकुरापेक्षा असा नकाशा अधिकाऱ्यांना अधिक थांबवतो, कारण त्यावर जागा बोट ठेवून दाखवता येते.

पानटपरीचा प्रश्न ग्रामसभेत मांडला नाही. तेथे मुलींचीच चर्चा झाली असती आणि दोन घरांनी तरी मुलीला घरी बसवले असते. मुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या शाळेच्या सखी सावित्री समितीतील दोन महिला पालक, पोलीस पाटील आणि मी असे टपरीवाल्याला भेटलो. तो स्वतः दोन मुलींचा बाप आहे. सकाळी दहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते सहा या वेळात समोरचे बाक आत घेण्याचे त्याने कबूल केले आणि ते पाळले. बाक नसले की टोळके जमत नाही, एवढी ती साधी गोष्ट होती. महिलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या पोलिसांच्या दामिनी पथकानेही शाळेत येऊन मुलींशी बोलणे केले, आणि 112 (आपत्कालीन मदत) व 1098 (बालकांसाठी मदत) हे क्रमांक आता प्रत्येक मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत.

पालकांची सभा आम्ही शाळेत न घेता गावोगावी, संध्याकाळी, मारुतीच्या पारावर किंवा समाजमंदिरात घेतली, कारण वेचणीच्या दिवसांत दुपारी शाळेत कोणी येऊच शकत नाही. सर्वांत स्पष्ट हरकत एका वडिलांनी घेतली. “मॅडम, पोरगी सायकल मारत गेली तर लोकं काय म्हनतीन? बापाजवळ आटोचेही पैसे नाहीत म्हनतीन.” ही हरकत मला अगदी खरी वाटते, कारण खेड्यात माणसाला रोज याच लोकांत राहायचे असते. तिला उत्तर म्हणून मी बिहारचे उदाहरण सांगितले. तेथे 2006 साली नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले आणि ही वाढ शाळेपासून लांब असलेल्या गावांत अधिक होती. सभेतील बायकांना त्यातील टक्केवारीपेक्षा एक गोष्ट जास्त पटली, ती म्हणजे तेथे मुली घोळक्याने जाऊ लागल्या आणि गावाला ते दृश्य सवयीचे झाले. एकटी मुलगी सायकलवर गेली तर लोक बोलतात. दहा जणी गेल्या तर कोणाबद्दल बोलणार, असे एका आजीने सभेतच सुनावले.

मुलांच्या वडिलांशी बोलणे वेगळ्या सुरात करावे लागले. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची 25 वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. दंडाचा आकडा ऐकून सभा गंभीर झाली, पण वडिलांना खरोखर थांबवले ते शेवटच्या कलमाने. आमच्याकडील कितीतरी मुले पुढे ट्रॅक्टर, पिकअप किंवा एसटीवर चालक होण्याचा विचार करतात. पंचविशीपर्यंत परवाना नाही म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

तरीही दहावीच्या मुलांना सायकलवर बसणे कमीपणाचे वाटतच होते. येथे मुख्याध्यापकांनी एक निर्णय घेतला, ज्याला मी या सगळ्या प्रयत्नातील सर्वांत मोलाचा मानते. शाळेत पत्र्याची एकच शेड होती आणि तीत शिक्षकांच्या गाड्या उभ्या राहत. मुलांच्या सायकली उन्हात कुंपणापाशी, एकमेकींवर रेललेल्या असत. त्यांनी शेड सायकलींना दिली आणि शिक्षकांच्या गाड्या कडुनिंबाखाली लावायला सांगितल्या. त्यावर थोडी कुरबूर झाली. पण शाळा कोणत्या वाहनाला मान देते हे मुले रोज डोळ्यांनी पाहतात, आणि भाषणापेक्षा ते अधिक धरून ठेवतात. शेडची जबाबदारी दहावीच्या मुलांकडे दिली. हवेचा पंप, घमेले, पान्हे आणि सोल्युशनची नळी यांचा डबा त्यांच्याच ताब्यात असतो. प्रत्येक गावाच्या घोळक्यात पुढे एक आणि शेवटी एक असे दोन मोठे विद्यार्थी नेमले आहेत. शेवटच्याने कोणालाही मागे सोडून पुढे जायचे नाही, हा नियम आहे. ज्या मुलांना सायकल हा कमीपणा वाटत होता, त्यांतील बरेच जण या जबाबदारीमुळे आले. सगळे आले नाहीत. काही मुले अजूनही गाडी गावातच, शाळेपासून जरा लांब कोणाच्या तरी अंगणात लावून चालत येतात, हे आम्हाला ठाऊक आहे आणि त्यांच्या घरी आमच्या फेऱ्या चालू आहेत.

मुलींच्या बाबतीत काही गोष्टी अशा होत्या, ज्या बाईमाणसानेच बोलाव्या लागतात. ओढणी मागच्या चाकात किंवा चेनमध्ये अडकण्याची भीती खरी आहे आणि तिने माणसे दगावल्याचेही आपण ऐकतो. गणवेशाची ओढणी दोन्ही बाजूंनी पिन लावून, टोके कमरेला बांधून घेण्याची पद्धत आम्ही घालून दिली आणि ज्या सायकलींचे चेनकव्हर गळून पडले होते त्या सायकलींना आधी ते बसवून घेतले. पाळीच्या दिवसांत बऱ्याच मुली सायकल चालवत नाहीत. काहींना त्रास होतो, काहींना घरचे नको म्हणतात. त्या दिवशी मैत्रिणीच्या मागे कॅरिअरवर बसून किंवा चालत यावे, पण शाळा बुडवू नये, असे सांगितले आणि शाळेत पॅड, पाणी व कडी लागणारे दार या तीन गोष्टी असल्याची खात्री करून घेतली. ज्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, तेथे मुलींना सायकलने बोलावण्याआधी सुताराला बोलवावे, असे माझे ठाम मत आहे.

हिवाळ्यात आमच्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळा पाच वाजता सुटते, त्यावर दहावीचा जादा तास घेतला तर लांबच्या गावातील मुली अंधारात घरी पोचतात. म्हणून जादा तास सकाळी शाळेआधी घेण्याचे ठरले. शिक्षकांना ते गैरसोयीचे आहे, मलाही आहे. पण मुलीच्या घरच्यांनी घातलेली पहिली अट तीच होती. सायकलींच्या मागच्या मडगार्डवर आणि पायडलच्या कडांवर रेडियमच्या पट्ट्या लावल्या आहेत. पायडलवरची पट्टी वर-खाली हलत असल्यामुळे टिप्परचालकाला ती लांबून दिसते. त्यांचा खर्च इतका थोडा आहे की बैलगाड्यांनाही त्या लावाव्यात, असे मुलांनीच सुचवले आणि लावल्या.

प्रकृतीच्या बाबतीत मात्र आम्ही सर्वांना एकच नियम लावला नाही. सुरुवातीच्या काळात काही मुली शाळेत पोचल्यावर पांढऱ्याफटक दिसत आणि पहिल्या तासाला डोके टेकून बसत. त्यांच्याशी बोलल्यावर दोन कारणे पुढे आली. एक, त्या सकाळी फक्त चहा पिऊन निघत. शाळेतील पोषण आहार आठवीपर्यंतच असल्यामुळे नववी-दहावीच्या मुलींच्या पोटात दुपारच्या डब्यापर्यंत काही नसे. दुसरे, रक्त कमी असणे. आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी कित्येक जणी मळमळते म्हणून बाजूला ठेवत होत्या. आता ती डबा खाल्ल्यानंतर, वर्गातच, पाण्याबरोबर घेतली जाते आणि सकाळी निघताना भाकरीचा तुकडा किंवा शेंगदाणे-गूळ खाऊनच निघावे, हे आयांना घरी जाऊन सांगितले आहे. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत आणि आमच्या शाळेतही आहेत. अशा मुलांना जास्त दमणे, घाम जाऊन पाणी कमी पडणे आणि थंडीत कुडकुडणे या तिन्ही गोष्टींनी वेदना सुरू होऊ शकतात. त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवले जाते; त्यातील एकजण जवळच्या गावातून हळूहळू चालत येतो, दुसरी ऑटोनेच येते, आणि तिला कोणी काही म्हणू नये याची काळजी तिच्याच गावचा घोळका घेतो.

मार्चपासून शाळा सकाळची होते, तेव्हा येणे सुखाचे असते आणि अकराच्या पुढे परत जाणे जिवावर येते. डोक्याला दुपट्टा, भरलेली पाण्याची बाटली आणि अर्ध्या वाटेवर ज्या शेतात विहीर व झाड आहे तेथे थांबण्याची परवानगी, एवढी व्यवस्था आम्ही केली आहे. एप्रिलमध्ये पारा फार चढला की लांबच्या दोन गावांतील मुलांना सायकलची सक्ती तर सोडाच, आग्रहही आम्ही करत नाही. तसेच जिथे जंगल लागून आहे तिथे हा प्रयोग जसाच्या तसा नेऊ नये. 2018 साली राळेगाव-पांढरकवडा भागातील लोकांनी वाघिणीच्या भीतीत काढलेले महिने आमच्या जिल्ह्याला आठवतात. तिथल्या मुलांना मानव विकासची बसच हवी, आणि ती वेळेवर हवी. आमच्या वाटेवर रोही (नीलगाय) आणि रानडुकरे आहेत. सकाळच्या जादा तासाला येणारी मुले म्हणूनच घोळक्याशिवाय निघत नाहीत.

आज शाळेतील निम्म्याहून अधिक मुलेमुली सायकलने येतात, दीड किलोमीटरच्या गावातील बहुतेक चालत येतात, आणि गेल्या वेचणीच्या हंगामात त्या एका गावातील मुलींच्या नावांपुढे ओळीने येणाऱ्या खुणा दिसल्या नाहीत. अधूनमधून एखादी दिसली. आईच्या मदतीला मुलगी राहणे सायकलने थांबत नाही. नाल्यापलीकडचे गाव मात्र अजून बाहेरच आहे. मोठा पाऊस झाला की रपट्यावरून पाणी वाहते, ते किती खोल आहे हे गढूळपणामुळे दिसत नाही आणि सायकल तर पायी माणसापेक्षा आधी वाहून जाते. तेथील मुलांना पाणी असताना रपटा ओलांडायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे. त्या दिवसाची गैरहजेरी आम्ही लावत नाही आणि बुडालेला अभ्यास शनिवारी घेतो. रपट्याची उंची वाढवण्याचा ठराव ग्रामसभेने केला आहे. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे उन्हाळा संपेपर्यंत त्या कामाचा पाठपुरावा करायला वेळ आहे. त्या गावचे सरपंच, दोन पालक आणि मी पुढच्या सोमवारी ठरावाची प्रत व मुलींचे नकाशे घेऊन तालुक्याला जाणार आहोत.